वरच्या मजल्याची अंघोळ, खालच्या मजल्याचा संडास : लातूरमधल्या एका घराचं २०१६चं प्रकरण

पार्श्वभूमी

लातूर शहराला पाणी येतं ते मांजरा नदीवरच्या धनेगावच्या धरणातून. लागोपाठच्या अपुऱ्या पावसाने २०१६च्या सुरुवातीला हे धरण आटलं आणि नळ बंद झाले. मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणांभोवती १४४ कलम लावावं लागलं. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली ती दहा वाघिणींची, सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन. पुढे ५० वाघिणींची गाडी सुरू झाली. तरीही एका घराच्या वाट्याला येणारं सरकारी पाणी पिण्यापुरतं आणि फार तर स्वयंपाकापुरतं पुरे. बाकी सगळा कारभार खासगी टँकरवर चाले.

हे प्रकरण शहरातल्या एका तीनमजली घराचं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तळमजल्यावर घरमालकांचं पाच जणांचं कुटुंब, त्यात गुडघे धरलेल्या आजी. पहिल्या मजल्यावर भाडेकरू नवरा-बायको आणि दोन मुलं, धाकटं दोन वर्षांचं. दुसऱ्या मजल्यावर बारावीच्या क्लाससाठी आलेल्या चार मुली, जेवण मेसच्या डब्याचं. एकूण माणसं १३. बोअर जानेवारीतच बंद पडला होता. दर पाचव्या दिवशी ६,००० लिटरचा टँकर खालच्या हौदात रिकामा होई आणि तिथून मोटारीने गच्चीवरच्या टाकीत चढे. पाण्याचा खर्च भाड्यातच धरलेला होता.

अडचण

मार्चच्या मध्यात टँकरवाल्याने पाचव्या दिवसाची हमी काढून घेतली. सात-आठ दिवसांनी येईन, तोही नक्की नाही, असं त्याने सांगितलं. म्हणजे रोजचं १,२०० लिटर पाणी साडेसातशेवर आणायचं होतं. माणशी हिशेब केला तर १,२०० म्हणजे साधारण ९२ लिटर. शहरी पाणीपुरवठ्याच्या योजना माणशी १३५ लिटर धरून आखतात. हे घर उधळं नव्हतंच, त्यामुळे 'जपून वापरा' एवढं सांगून भागणार नव्हतं.

घरमालकीणबाईंनी तीन दिवस मोजमाप केलं. प्रत्येक मजल्याला खडू दिला आणि बादलीमागे भिंतीवर एक रेघ ओढायला सांगितली. संडासाच्या फ्लशसाठी टाकीवरचं १० लिटरचं माप धरलं. सरासरी अशी निघाली : संडास ३९०, अंघोळी २६०, धुणं २६०, भांडी १५०, फरशी-अंगण ५०, स्वयंपाक ५०, कूलर ४०. पिण्याचं पाणी जारचं, ते यात नाही.

मोजण्याआधी घरातल्या प्रत्येकाचा संशय धुण्याच्या मशीनवर होता. सगळ्यात जास्त पाणी संडासात जात होतं, आणि तेही हौदातून गच्चीपर्यंत चढवलेलं. त्या ३९० पैकी जेमतेम ६० लिटर शौचानंतर अंग धुण्यासाठी लागत. उरलेले ३३० लिटर नुसतं ढकलण्याचं काम करत होते. त्या कामाला स्वच्छ पाणी कशाला, हा प्रश्न या आकड्यांतून आपोआप पुढे आला.

पर्याय

पहिला पर्याय नळवाल्याने सुचवला : सगळं सांडपाणी एका टाकीत घ्यायचं, वाळूच्या फिल्टरमधून गाळायचं, छोट्या मोटारीने गच्चीवरच्या वेगळ्या टाकीत चढवायचं आणि तिथून तिन्ही संडासांना स्वतंत्र लाइन द्यायची. नव्या बांधकामात ही रचना उत्तम. बांधलेल्या घरात मात्र टाइल्स फोडाव्या लागतात, मोटारीच्या पंख्यात केस अडकतात आणि कुणी चुकून ही लाइन स्वच्छ पाण्याच्या लाइनला जोडली तर अख्खं घर आजारी पडतं. दोन-तीन महिन्यांच्या टंचाईसाठी हा खटाटोप परवडणारा नव्हता.

दुसरा पर्याय बादलीचा. अंघोळ मोठ्या टबात बसून करायची आणि ते पाणी उचलून संडासात न्यायचं. खर्च शून्य, सुरुवात आजपासून. धडधाकट माणसांच्या लहान घरात आजही हाच पर्याय आधी करून पाहावा. इथे आजींना बादली उचलणं शक्य नव्हतं आणि कडेवर मूल असलेल्या बाईलाही ते जड होतं. शिवाय हा उत्साह आठ-दहा दिवसांत ओसरतो, हा सगळीकडचा अनुभव.

तिसरा पर्याय घराच्या मागच्या भिंतीवरच दिसत होता. संडासाचा ११० मिलिमीटरचा पाइप आणि मोरीचा ७५ मिलिमीटरचा पाइप शेजारी-शेजारी, पण वेगवेगळे खाली उतरत होते. अशा घरात वरच्या मजल्याच्या अंघोळीचं पाणी मोटारीशिवाय खालच्या मजल्याच्या संडासाला देता येतं. दोन्ही पाणी एकाच पाइपातून उतरत असतं तर हा विचार तिथेच सोडावा लागला असता.

हाच पर्याय ठरला. पेच होता तो माणसांचा. पहिल्या मजल्यावरच्या बाईंना वरच्या मुलींच्या अंघोळीचं पाणी आपल्या संडासात नको होतं. आजींचंही तेच म्हणणं होतं, सोवळ्याच्या अंगाने. त्यावर वरच्या मुलींपैकी एक म्हणाली, "काकू, ते पाणी संडासातच तर जाणार आहे. तुम्हाला तांब्याने ओतायचंय, अंगावर घ्यायचं नाही." याने वाद मिटला नाही, पण मोकळा झाला. तो मिटला पैशाच्या निर्णयाने : एप्रिलपासून टँकरचा खर्च भाड्यातून वेगळा काढून माणशी वाटायचा, भाडं तेवढं कमी करायचं. आतापर्यंत भाडेकरूंनी पाणी वाचवलं तर फायदा फक्त मालकांचा होता. एकाच्या बचतीचा लाभ दुसऱ्याला मिळत असेल तर असली व्यवस्था आठवड्याच्या वर चालत नाही.

काय बसवलं

प्लास्टिकची २०० लिटरची दोन झाकणवाली टिपाडं जुन्या बाजारातून घेतली. खाद्यतेलाची किंवा साबण-द्रावणाची टिपाडं चालतात. कीटकनाशकाची किंवा लेबल खरवडलेली घेऊ नयेत, कारण हे पाणी हाताला लागतंच.

एक टिपाड पहिल्या मजल्याच्या मागच्या गॅलरीत ठेवलं, दुसरं परसात. दोन्हीखाली ४० मिलिमीटर अँगलचा चार फुटी स्टँड. टिपाड भरल्यावर वजन २०० किलोच्या वर जातं, म्हणून गॅलरीतला स्टँड कठड्याकडे न ठेवता भिंतीलगत, बीमच्या वर ठेवला. दुसऱ्या मजल्याच्या न्हाणीचं पाणी गॅलरीतल्या टिपाडात आणि तिथून पहिल्या मजल्याच्या संडासात. पहिल्या मजल्याच्या न्हाणीचं परसातल्या टिपाडात आणि तिथून तळमजल्याच्या संडासात. दुसऱ्या मजल्याच्या वर न्हाणी नाही, तेव्हा तिथल्या संडासासाठी मुलींनी कपडे खळबळल्याचं पाणी दोन झाकणवाल्या बादल्यांत धरायचं. अंतर चार पावलांचं, त्यामुळे उचलण्याचा त्रास नाही. तळमजल्याच्या अंघोळीचं पाणी खाली जायला जागा नव्हती. ते परसातल्या झाडांना आणि अंगण धुवायला ठेवलं.

टिपाडाला चार तोंडं. वरून येणाऱ्या पाइपाच्या तोंडाला नायलॉनच्या जाळीची पिशवी, केस आणि धाग्यांसाठी. तळापासून दोन इंचांवर एक इंची टँक निपल (टिपाडाला पाइप जोडायचा तुकडा) आणि बॉल व्हॉल्व्ह. तिथून एक इंची पाइप संडासात, फरशीपासून दोन फुटांवर तोटी. अर्धा इंची पाइप इथे घालू नये, साबणाचा बुळबुळीत थर त्याला पंधरा दिवसांत बुजवतो. अगदी तळाशी सव्वा इंची कॉक, गाळासकट सगळं पाणी सोडून द्यायला. आणि वर, झाकणाखाली, सांडव्याचा पाइप, पुन्हा जुन्या मोरीच्या लाइनमध्ये सोडलेला. सांडवा येणाऱ्या पाइपाएवढाच जाड हवा. बारीक ठेवला आणि दोन अंघोळी लागोपाठ झाल्या की पाणी झाकणातून गॅलरीत पसरतं.

फ्लशच्या टाक्यांना हे पाणी मुद्दाम जोडलं नाही. टाकीतल्या रबरी वायसरवर साबणाची साय बसते, मग टाकी गळत राहते आणि वाचवलं त्याहून जास्त पाणी निघून जातं. टाक्यांचे कॉक बंद केले. संडासाचं भांडं साफ करायला लाल बादली, टिपाडाच्या तोटीखाली. अंग धुवायला आणि हाताला निळी बादली व निळा मग, स्वच्छ पाण्याचा. तोटीवर लाल रंग मारला. लहान मुलांना रंग पटकन कळतात, मोठ्यांना दोन दिवस लागले.

कुठे बिघडलं आणि का

पहिली अडचण वाळूच्या फिल्टरची. नळवाल्याच्या आग्रहाने गॅलरीतल्या टिपाडाआधी एक बादलीचा फिल्टर लावला होता : खाली २० मिलिमीटर खडी, मग बारीक खडी, वर जाड वाळू. चार दिवसांत तो तुंबला आणि मुलींच्या न्हाणीत घोट्याएवढं पाणी साचलं. टँकरचं पाणी लांबच्या बोअरचं, जड. जड पाण्यातलं कॅल्शियम अंगाच्या साबणाशी मिळून न विरघळणारी राखाडी साय बनवतं आणि ती वाळूच्या वरच्या थरावर चिकटते. मऊ पाण्याच्या गावात हाच फिल्टर कदाचित महिनाभर चालला असता. संडासात ओतायच्या पाण्याला पारदर्शक असण्याची गरज नाही, हे ध्यानात घेऊन फिल्टर काढून टाकला आणि नुसती जाळी ठेवली. जाळी रोज संध्याकाळी झटकायची, आठवड्याने बदलायची. फिल्टरवर जीव टाकणाऱ्यांना हे पटत नाही, पण या कामात फिल्टर जितका बारीक तितकी डोकेदुखी जास्त.

दुसरी अडचण परसातल्या टिपाडाची. दोनच दिवसांत त्याला आंबूस वास येऊ लागला, वर पांढरट गुठळ्या तरंगू लागल्या. शोध घेतल्यावर कळलं की पहिल्या मजल्याचं स्वयंपाकघरातलं सिंक त्याच ७५ मिलिमीटरच्या पाइपात, न्हाणीच्या जोडाच्या खाली येऊन मिळत होतं, आणि टिपाडासाठीचा टी (तीन तोंडांचा जोड) त्याच्याही खाली बसवला होता. तेल, पीठ, वरणाची साल यांनी पाणी काही तासांत नासतं. टी काढून न्हाणीच्या फाट्यावर, मुख्य पाइपाला मिळण्याआधी बसवला. काम अर्ध्या दिवसाचं होतं. पाइप कापण्याआधी प्रत्येक मोरीत आणि सिंकमध्ये वेगवेगळ्या रंगाचं पाणी ओतून कुठलं कुठे निघतं हे पाहिलं असतं तर ते लागलंच नसतं. हळद, कुंकू, निळ एवढं सामान त्याला पुरतं.

तिसरी अडचण सुट्टीची. एका शनिवारी मुली गावी गेल्या. गॅलरीतलं टिपाड पाऊण भरलेलं. त्याच दिवशी पहिल्या मजल्यावरचे पाहुण्यांकडे गेले. सोमवारी सकाळी तोटी उघडली तर काळपट पाणी आणि सडक्या अंड्यांचा वास. अंघोळीच्या पाण्यात मळ, त्वचेचे कण, साबण असतो. जंतू तो खाताना पाण्यातला प्राणवायू संपवतात. मग बोअरच्या पाण्यातल्या सल्फेटवर जगणारे जंतू वाढतात आणि ते हायड्रोजन सल्फाइड सोडतात. २४ तासांच्या आत वापरलेल्या पाण्यात ही वेळ सहसा येत नाही.

यावर कुणीतरी टिपाडात ब्लीचिंग पावडर टाकली. पाण्यातला मळ आणि साबणच पावडरीतला क्लोरीन संपवून टाकतात, त्यामुळे वासाला फरक पडायला पावडर भरपूर लागते. त्याहून मोठा धोका वेगळा. संडासाच्या भांड्यात ॲसिडचं क्लीनर पडलेलं असेल आणि वरून हे ब्लीचचं पाणी ओतलं तर बंद संडासात क्लोरीन वायू सुटतो. तो फुप्फुसांना इजा करतो, जीवावरही बेतू शकतो. दुसऱ्याच दिवशी पावडर बंद झाली. त्याऐवजी रोज रात्री दहाला तळाचा कॉक उघडून टिपाड रिकामं करायचा नियम झाला.

या नियमाने एक नवाच प्रश्न उभा केला. संडासाची गर्दी सकाळी अंघोळीच्या आधी असते. रात्री पाणी सोडून दिलं तर पहाटे ओतायचं काय? वरच्या मुली सातच्या क्लाससाठी साडेपाचला अंघोळ उरकत, त्यामुळे पहिल्या मजल्याला ताजं पाणी वेळेवर मिळे. आजी मात्र पाचला उठायच्या आणि पहिल्या मजल्याच्या अंघोळी सातनंतरच्या. शेवटी टिपाड सोडण्याआधी तळमजल्याच्या दोन लाल बादल्या भरून झाकून ठेवायच्या, असं ठरलं.

पाइप तुंबण्याची भीती खरी ठरली, पण एकदाच. १० लिटरच्या फ्लशऐवजी तांब्या-तांब्याने पाणी गेलं की भांडं स्वच्छ दिसतं, मैला मात्र पुढच्या आडव्या पाइपात थबकतो. पाच-सहा लिटर एकदम, कमरेच्या उंचीवरून ओतलं तर तो पुढे सरकतो. शिवाय रोज रात्री टिपाड सोडताना दोन बादल्या सलग संडासात ओतायच्या. असं केल्यावर चेंबर पुन्हा उघडावा लागला नाही.

झाडं

इथे निकाल मिश्र आला. परसात नारळ, शेवगा, जास्वंद, कढीपत्ता आणि लिंबू. सुरुवातीला तळमजल्याच्या अंघोळीच्या पाण्यासोबत धुण्याच्या मशीनचं पहिलं, फेसाळ पाणीही झाडांना गेलं. तीन आठवड्यांत कढीपत्त्याच्या पानांच्या कडा करपल्या, लिंबाची पानं पिवळी पडली आणि आळ्यातल्या मातीवर चकाकणारी पापडी धरली. कपड्यांच्या पावडरीत धुण्याचा सोडा आणि भरीला सोडियम सल्फेट असतं. लातूरच्या काळ्या चिकणमातीत सोडियम साठलं की मातीचे कण एकमेकांपासून सुटतात, छिद्रं बुजतात आणि वरून घातलेलं पाणी आत न जाता आळ्यात उभं राहतं. मग माणूस म्हणतो झाडाला पाणी पुरत नाही, आणि तेच पाणी आणखी घालतो.

फेसाळ पाणी झाडांना बंद केलं. अंघोळीचं पाणी आळं बदलून, दिवसाआड दिलं. कढीपत्त्याच्या आणि लिंबाच्या आळ्यात चौरस मीटरला अर्धा किलोच्या आसपास जिप्सम मिसळून वर पालापाचोळ्याचं आच्छादन केलं. जिप्सममधलं कॅल्शियम मातीतल्या सोडियमला हुसकावतं, पण ते सोडियम मुळांच्या खाली वाहून न्यायला भरपूर गोडं पाणी लागतं, म्हणजे पावसाचीच वाट पाहावी लागते. नारळ आणि शेवग्याने तक्रार केली नाही. कोथिंबीर-मेथीच्या वाफ्याला यातलं कुठलंच पाणी दिलं नाही. पाण्याचा स्पर्श झालेला पाला कच्चा खायचा असेल तर तो मोह टाळावा.

एक अट सगळ्या मजल्यांना होती : घरात कुणाला जुलाब-उलट्या असतील किंवा बाळाचे लंगोट धुतले असतील, तर त्या न्हाणीचं त्या दिवसाचं पाणी थेट गटारात. त्यासाठी टिपाडाच्या वाटेवरचा व्हॉल्व्ह बंद केला की पाणी जुन्या वाटेने जाई. हा व्हॉल्व्ह नळवाल्याने 'कशाला लागतो' म्हणून वगळला होता. टी हलवताना तो बसवून घेतला.

निष्पत्ती

एप्रिलच्या मध्यापासून रोजचा वापर ७२० लिटरवर स्थिरावला, म्हणजे माणशी ५५. टँकर आठ दिवस पुरू लागला. वाचलेल्या ४८० लिटरपैकी ३३० संडासाचे. शेवटच्या खळबळीचं पाणी पुढच्या घाण्याच्या पहिल्या धुण्याला वापरून ८० वाचले, अंगणाचे ४०, आणि भांडी आधी राखेने कोरडी घासून मग विसळल्याने ३०. अंघोळीत कुणीच कपात केली नाही. लातूरच्या मे महिन्यात ती टिकलीही नसती.

पैशाचा हिशेब मात्र फार देखणा नाही. टिपाडं, स्टँड, पाइप आणि मजुरी मिळून चार-पाच टँकरच्या किमतीएवढा खर्च आला आणि महिन्याला दोन-सव्वादोन टँकर वाचले. पावसाळा लागेपर्यंत खर्च जेमतेम निघाला. खरा उपयोग झाला तो मेमध्ये, टँकर नवव्या दिवशी आला तेव्हा. टाकीत कूलरपुरतं पाणी उरलं नव्हतं, पण तिन्ही संडास चालू होते.

डासांच्या तक्रारी आल्या त्या खालच्या हौदाच्या, टिपाडांच्या नाही. टिपाड रोज रिकामं होत असल्याने अळी धरायला वेळच मिळत नसे. हौदात टँकरचं स्वच्छ पाणी आठवडाभर उभं असायचं, आणि डेंग्यूचा डास तसल्याच पाण्यात अंडी घालतो. हौदाच्या झाकणाच्या फटीला जुन्या धोतराचा घट्ट पदर बांधल्यावर तो प्रश्न सुटला.

वेगळं काय करता आलं असतं

टिपाड १०० लिटरचं पुरलं असतं. एका मजल्याचं अंघोळीचं पाणी ८० लिटर. २०० लिटरचं भांडं समोर असलं की ते भरून ठेवण्याचा मोह होतो, आणि सुट्टीतला सगळा घोळ त्या शिल्लक पाण्याने झाला. लहान टिपाडाला स्टँडही हलका लागतो.

मोजमाप मार्चऐवजी जानेवारीत, बोअर बंद पडला त्या आठवड्यात व्हायला हवं होतं. टंचाईच्या ऐन दिवसांत नळवाला मिळत नाही, मिळाला तर घाईत असतो. टी चुकीच्या जागी बसण्याचं निम्मं कारण तेच.

फ्लशच्या टाक्या टंचाईनंतर पुन्हा सुरू झाल्या, त्याही १० लिटरच्याच. त्यांत पाणी भरलेली लिटरभराची एक बाटली ठेवली असती तरी बारा महिने, काहीही न उचलता, दर फ्लशला लिटरभर वाचलं असतं. बाटली फ्लोटला अडू नये एवढं पाहायचं.

परसातलं टिपाड पुढच्या वर्षी काढलं गेलं. गॅलरीतलं राहिलं, कारण पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी ते काढू दिलं नाही. पुढे घरमालकांनी गच्चीवर दोन खोल्या चढवल्या तेव्हा नव्या न्हाणीचा पाइप आणि नव्या सिंकचा पाइप त्यांनी वेगवेगळे उतरवून घेतले. नळवाला एकच पुरेल म्हणत होता.